करप्याच्या साली

पुलके बेटावर त्या काळी दुपारचा एक वाजला की घराघरातले रेडिओ एकदम सुरू व्हायचे. बेटावर टेलिफोन नव्हता. टपाल आठवड्यातून एकदा, तेही समुद्राची मर्जी असेल तर. म्हणून कास्त्रो शहरातल्या रेडिओ केंद्रावरून निरोप वाचले जात. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कोण गुरुवारच्या लाँचने येतंय आणि धक्क्यावर घोडा घेऊन या. ज्याचा निरोप त्यानंच ऐकावा असं काही नव्हतं. सगळी बेटं सगळ्यांचे निरोप ऐकत.

इस्मेनिया चिगुआयला पुढे कितीतरी वर्षं त्या रेडिओची खरखर कानात ऐकू यायची, आणि खरखर आली की जानेवारीतली, तिकडच्या भर उन्हाळ्यातली, ती दुपारही यायची. आई ओतिलिया चुलीच्या लोखंडी पत्र्यावर किसलेल्या बटाट्याच्या मिल्काओ उलटत होती. बाबा डेल्फीन बाकावर डावा पाय लांब पसरून बसले होते. तो पाय त्यांना दुमडता येत नसे. तरुणपणी ते शिंपले काढणारे पाणबुडे होते. एके दिवशी होडीवरचं हवेचं यंत्र बंद पडलं आणि ते खोलातून झपाट्यानं वर आले, अंगाला तो दाबाचा फरक सोसला नाही. जीव वाचला, पाय गेला.

"पुलके बेट," निवेदक म्हणाला. "इस्मेनिया चिगुआय यांच्यासाठी. सरकारी शिष्यवृत्तीची यादी लागली. तुझं नाव नाही. प्रतीक्षायादीत सहावी आहेस. मनाला लावून घेऊ नकोस. मावशी रोसालबा."

पुढचा निरोप कुणाच्या तरी हरवलेल्या बैलाचा होता.

ओतिलियाची मिल्काओ पत्र्यावर तशीच राहिली आणि करपायला लागली. डेल्फीननं घसा साफ केला.

"सहावी म्हणजे काय गं?"

"म्हणजे वरची पाच जणं मेली तर मला मिळेल."

"पाच म्हणजे फार नाहीत," बाबा म्हणाले. ते गंभीरपणे म्हणाले की चेष्टेनं, हे इस्मेनियाला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी ती झऱ्यावर पाण्याला गेली तेव्हा तिथे चौघी होत्या. चौघींनीही ऐकलं होतं. एक म्हणाली, "सहावी तर सहावी, नंबर तर आला." दुसरी म्हणाली, "शेतकी कॉलेज झालं ना तुझं? मग आणखी काय शिकायचं राहिलंय बटाट्यात?" इस्मेनियानं घडा भरला आणि हसून घरी आली. घडा खाली ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की हसू अजून तोंडावर तसंच आहे.

वाल्दिव्हियाच्या विद्यापीठातून ती पदवी घेऊन आली होती. आता एम.एस्सी. करायचं होतं, बटाट्यावरच्या रोगांवर. प्रवेश मिळाला होता, पण फी कुठून भरायची आणि त्या पावसाळी शहरात राहायचं-खायचं कशावर, हा प्रश्न होता. सारी भिस्त त्या सरकारी शिष्यवृत्तीवर होती.

त्याच आठवड्यात शेतात करपा आला.

चार दिवस गरम, दमट धुकं बेटावरून हललं नाही. पाचव्या दिवशी ओतिलिया बटाट्याच्या सरीतून कंबर वाकवून तण काढत होती. ती मध्येच थांबली आणि एक पान उलटं करून बघत राहिली. पानाच्या कडेला तेलकट काळा डाग होता. खालून पांढरी बुरशी.

"इस्मेनिया, हे बघ काय आहे."

इस्मेनियानं बघितलं. तिला नाव माहीत होतं, जंतू माहीत होता, तो पानात कसा शिरतो त्याचं चित्र तिनं परीक्षेत काढलं होतं. त्यावर पूर्ण गुण मिळाले होते.

"करपा आहे, आई."

"मग? औषध?"

"आता उशीर झाला. वेली कापून टाकायच्या. खालचे बटाटे वाचले तर वाचले."

आठ दिवस तिघांनी वेली कापल्या. विळा मुठीत धरून इस्मेनियाच्या तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. डेल्फीनला वाकता येत नसे, म्हणून तो जमिनीवर बसून, बुडावर सरकत सरकत, दोन्ही बाजूंच्या वेली कापी. संध्याकाळी त्याच्या विजारीची मागची बाजू चिखलानं थबथबलेली असे, आणि ओतिलिया ती चुलीशेजारी वाळत घाली. सगळ्या बेटावर कुजक्या बटाट्यांचा वास पसरला होता. माणसं एकमेकांशी बोलताना नाकाला रुमाल लावत, आणि मग आपल्याही शेताचा तोच वास आहे हे आठवून रुमाल खाली करत.

एकाच शेतात वेली हिरव्यागार उभ्या होत्या. ते शेत सुनिल्दा नाहुएल्कीन या म्हातारीचं होतं, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. तिच्याकडे एक जुनं बेणं होतं. काळपट जांभळ्या सालीचं, गाठीगाठींचं, दिसायला ओबडधोबड. ते ती कुणाला देत नसे. तिच्याच तोंडचं त्याचं नाव होतं काळी म्हातारी.

इस्मेनिया ते शेत कुंपणाबाहेरून बघून आली. आत जायची सोय नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सुनिल्दाची डुकरीण ओतिलियाच्या बटाट्यात शिरली होती. दुसऱ्या दिवशी डुकरीण लंगडत घरी गेली आणि तिची पोटातली पिल्लं गेली. सुनिल्दा म्हणे, ओतिलियानं कुदळीच्या दांड्यानं मारलं. ओतिलिया म्हणे, डुकरीण चरात पडली. चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर सुनिल्दा तिला खोटारडी म्हणाली होती. तेव्हापासून वाटेत समोरासमोर आल्या तर एक जण कुंपणाकडे बघे, दुसरी समुद्राकडे.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी इस्मेनिया बाबांना घेऊन लाँचने कास्त्रोला गेली. तिचा आबेलार्दो मामा बंदराच्या कचेरीत कायम नोकरीला होता. बँक शिक्षणासाठी कर्ज द्यायला तयार होती, पण पगारदार जामीन हवा होता. अख्ख्या गोतावळ्यात पगारदार एवढा एकच.

मामानं त्यांना बाहेरच्या बाकावर तास-दीड तास बसवून ठेवलं. आतून त्याचं हसणं ऐकू येत होतं. मग तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला.

"डेल्फीन, मी नाही म्हणत नाहीये. पण घरात विचारलं. ही म्हणते, उद्या पोरीनं लग्न केलं नि गेली निघून, तर हप्ते कोण भरणार?"

"पोरगी भरेल," डेल्फीन म्हणाला.

"हो, हो. पण समजा..."

"समजलं," डेल्फीन म्हणाला आणि उठायला लागला. त्याला उठायला वेळ लागे. मामानं हात पुढे केला. डेल्फीननं तो हात न घेता भिंतीला धरलं.

बंदरावर परत येताना त्यांना सॅल्मन मासे पाळणाऱ्या एका कंपनीची पाटी दिसली. कंपनीनं तरुणांना शिकवायची योजना काढली आहे असं रोसालबा मावशी म्हणाली होती. कचेरी म्हणजे पत्र्याचा एक खोका होता. दाराशी पाटी होती, बूट बाहेर काढा. इस्मेनियानं बूट काढले. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. सबंध मुलाखतभर ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बसली.

समोरचा माणूस चांगला होता. तिची प्रमाणपत्रं त्यानं मन लावून वाचली.

"आम्ही सगळं देऊ," तो म्हणाला. "फी, खोली, महिन्याचा खर्च. विषय मात्र आमचा. माशांचं खाद्य. नंतर पाच वर्षं आमच्याकडे काम करायचं, पाण्यातल्या पिंजऱ्यांवर. मध्येच सोडलं तर दुप्पट परत. आणि हमी म्हणून वडिलांची जमीन लिहून द्यावी लागेल."

"बटाट्याचं काहीच नाही?"

तो हसला. "मासे बटाटे खात नाहीत, बाई."

करारावर सही करायला तिला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. लाँचमध्ये बाबांनी तो कागद उघडला, वाऱ्यात फडफडणारा, आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाचायला जड जाई.

"सही कर," ते म्हणाले.

इस्मेनिया दचकली. कंत्राटदाराच्या होडीवरून बुड्या मारून पाय गमावलेला माणूस हे म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाबा, तुमची जमीन आहे त्यात."

"करपलेली जमीन आहे. आणि तू पाण्याखाली थोडीच जाणारेस? वर उभी राहशील, कोरड्यात. वही घेऊन."

घरी ओतिलियानं मात्र कागदाला हात लावला नाही. तिनं लोकर कातता कातता विचारलं, "माशांचं खाद्य म्हणजे काय करायचं असतं?"

"मासे लवकर कसे वाढतील ते बघायचं."

"तुला आवडतं ते?"

"आवडीचा प्रश्नच कुठे आला, आई?"

चातीला पीळ चढला होता. ओतिलिया तो हळूहळू सोडत राहिली. "वाल्दिव्हियात ती जर्मन आडनावाची बाई आहे ना तुझी? तिला विचारलंस?"

ती म्हणजे प्राध्यापिका इरमा श्टोल्झ. विचारायचं धाडस इस्मेनियाला झालं नव्हतं. शिष्यवृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्यानं सरांच्या-बाईंच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे हात पसरणं, असं तिला वाटे. पण सोमवारी ती शेजाऱ्याच्या होडीतून आचाओ गावाला गेली. तिथल्या सार्वजनिक टेलिफोनवरून तिनं मुठीतली नाणी एकामागून एक टाकत बोलायला सुरुवात केली.

श्टोल्झबाईंना लांबण लावलेली खपत नसे. "ऐक. माझ्याकडे प्रयोगशाळेत शिकवायची एक जागा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांचे दोन तास, आठवड्याला. फी माफ. हातात थोडे पैसे. खोलीचं भाडं निघेल, जेवणाचं निघणार नाही. आणि नियम कडक आहे. दोन तास बुडाले की जागा पुढच्या मुलाला. कारण कुठलंही असो."

"हो, बाई."

"जेवणाचं काय करशील?"

"माहीत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "तिकडे करपा आहे म्हणतात. सगळंच गेलं का? एखादं शेत उभं आहे?"

इस्मेनियाच्या हातात शेवटचं नाणं होतं. "एक आहे," ती म्हणाली. "एका म्हातारीचं. कुठलीच फवारणी नाही. हिरवंगार आहे."

"कुठलं बेणं?"

"ती देत नाही कुणाला."

"मग तिच्याकडून सही आण. दोन हंगाम त्या शेतात आपण ओळी लावू, दर आठवड्याला डाग मोजू. त्यासाठी प्रकल्पात पैसे आहेत. तुझं जेवणही निघेल आणि शेत सांभाळणाऱ्यालाही मिळेल. दहा मार्चपर्यंत सही आणि तू, दोन्ही इथे हवीत." नाणं संपलं आणि फोन बंद पडला.

रात्रीचं जेवण होईपर्यंत तिनं घरात काही सांगितलं नाही. मग सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "कंपनीचा कागद जवळच ठेव." आई भांडी आवरायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओतिलियानं हातपाय धुतले, केस विंचरले आणि रविवारची काळी शाल घेतली.

"चल," ती म्हणाली.

"आई, मी एकटी जाते."

"डुकरिणीचं भांडण तुझं कुठे आहे?"

टेकडी चढताना ती एकदाही थांबली नाही. सुनिल्दाचं मागचं दार उघडं होतं. म्हातारी चुलीवरच्या धुरात शिंपल्यांच्या माळा टांगत होती, पाठ दाराकडे करून.

"कोण?"

"ओतिलिया."

"कुठली ओतिलिया?"

ओतिलियानं श्वास घेतला. "डुकरिणीची."

सुनिल्दानं हातातली माळ नीट टांगली, हात पुसले, मग वळली. तिचा चेहरा धुरानं शिंपल्यांसारखाच झाला होता. "बस म्हणणार नाही मी."

"बसायला आले नाही."

इस्मेनियानं घाईघाईनं सगळं सांगितलं. विद्यापीठ, ओळी, डाग मोजणं, सही, शेत सांभाळायचा मोबदला. म्हातारी तिच्याकडे न बघता ओतिलियाकडे बघत ऐकत होती.

"बेणं कुठे नेणार?"

"नेणार नाही. इथेच लावायचं. मोजायचं फक्त."

"आणि मला काय मिळणार?"

"दर महिन्याला..."

"ते नाही विचारलं," सुनिल्दा म्हणाली. "हिच्याकडून काय मिळणार?"

चुलीत लाकूड तडतडलं. 

"काय हवंय, सुनिल्दाबाई?" ओतिलियानं विचारलं.

"रविवारी. प्रार्थना झाल्यावर, अंगणात. जिथे तू सगळ्यांसमोर म्हणालीस की डुकरीण चरात पडली, तिथेच उभी राहून सांगायचं काय झालं ते."

"आई, चल," इस्मेनिया म्हणाली. "मी कंपनीच्या कागदावर सही करते."

ओतिलिया हलली नाही. "येईन," ती म्हणाली.

 शनिवारी डेल्फीननं बायकोचे बूट घेतले, बाहेरच्या पायरीवर बसून डुकराच्या चरबीनं चोळून चोळून चमकवले आणि दाराशी ठेवून दिले.

पाद्री बेटावर वर्षातून एकदाच येई. एरवी बेटावरचाच एक वयस्क माणूस प्रार्थना सांगे. त्या रविवारी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली असं इस्मेनियाला वाटलं. मग माणसं अंगणात आली, टोप्या घातल्या, करप्याविषयी बोलायला लागली. ओतिलिया चर्चच्या लाकडी खांबाशी जाऊन उभी राहिली. ती बुटकी होती. कुणाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, यावेळी फार मोठ्यानं. बोलणी थांबली.

"अकरा वर्षांमागे सुनिल्दाची डुकरीण माझ्या बटाट्यात आली होती. ती चरात पडली नव्हती. मी मारलं तिला. कुदळीच्या दांड्यानं, तीन वेळा. पहिल्यांदा रागानं मारलं. नंतरचे दोन का मारले ते मला आजपर्यंत कळलं नाही. पिल्लं गेली. मी खोटं बोलले."

कुणीतरी मागे हसायला सुरुवात केली आणि थांबलं. एवढ्यासाठी बाई उभी राहिली, असं काहींना वाटलं असेल. पण पुढे उभ्या असलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. ओतिलियाचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला होता. इस्मेनियाला वाटलं, धावत जाऊन तिला शालीत झाकावं. पण ती गेली नाही. पुढे सगळ्या आयुष्यात तिनं कितीतरी अर्ज भरले, कितीतरी समित्यांसमोर बसली. पण आपल्या शिक्षणासाठी कुणी काय दिलं असं कुणी विचारलं की तिला आधी तो लाकडी खांब दिसे आणि त्याच्याशी उभी असलेली बुटकी बाई.

सुनिल्दा गर्दीतून पुढे आली. "तीन वेळा," ती म्हणाली. "मी दोनच धरले होते." मग ती इस्मेनियाकडे वळली. "कागद आण उद्या. मला लिहिता येत नाही, अंगठा चालतो का विचार तुझ्या बाईंना."

अंगठा चालला. कंपनीचा कागद बाबांनी चुलीत न घालता घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला. आठ मार्चला इस्मेनिया लाँचमध्ये चढली. आईनं मिल्काओ, धुरातले शिंपले आणि दोन जोडी नवे मोजे बांधून दिले होते. शेतातून मूठभरच चांगले बटाटे निघाले होते. काढणीला यंदा शेजारपाजारच्यांना बोलवायचीही गरज नव्हती.

वाल्दिव्हियात ती एका म्हाताऱ्या विधवेच्या मागच्या खोलीत राहिली. आठवड्याचे दोन तास ती पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवी. पहिल्या दिवशी तिच्या बेटावरच्या बोलण्याला मागच्या बाकावरची मुलं हसली. तिनं करप्याचं एक पान त्यांच्यासमोर धरलं. "हे माझ्या बाबांच्या शेतातलं आहे," ती म्हणाली. नंतर कुणी हसलं नाही. सर्दी झाली, ताप आला, एकदा दाढ सुजून तोंड उघडेना, तरी तिनं तास बुडवला नाही. तिच्या मागे यादीत एक मुलगा जागेची वाट बघत होता. तो रोज व्हरांड्यात तिला नमस्कार करी आणि तब्येत विचारी.

सप्टेंबरात बेटावर ओळी लागल्या. ओतिलियाला लिहिता येई, पण तिची नजर अधू झाली होती. सुनिल्दाला दिसे, पण लिहिता येत नसे. म्हणून दर शनिवारी दोघी मिळून शेतात जात. सुनिल्दा पानं उलटून डाग मोजी आणि मोठ्यानं आकडा सांगे, ओतिलिया तो लिही. दर पंधरा दिवसांनी वहीची पानं पाकिटातून वाल्दिव्हियाला येत. आकड्यांच्या शेजारी समासात आई मजकूरही लिही. "चौथी ओळ, नऊ डाग. सुनिल्दा म्हणते सात, मी म्हणते नऊ, भांडलो." "पाचवी ओळ, डाग नाही. मेंढीला दोन कोकरं झाली." "आज सुनिल्दानं मला बसायला सांगितलं." श्टोल्झबाईंनी ती पानं बघितली. समास कापायला सांगतील अशी इस्मेनियाला भीती होती. पण बाई म्हणाल्या, "अशीच येऊ देत."

नोव्हेंबरच्या शेवटच्या पाकिटात नवव्या आठवड्याचं पान कोरं होतं. वर तारीख, ओळींचे क्रमांक, आणि समासात एकच शब्द: पाऊस.

पावसात कधी मोजणी थांबवली नव्हती त्यांनी. इस्मेनियाला थोडं नवल वाटलं, पण परीक्षा होत्या, मुलांचे पेपर होते, आणि पुढच्या पाकिटात दहाव्या आठवड्याचे आकडे व्यवस्थित आले होते.

डिसेंबरच्या अखेरीस ती घरी आली. धक्क्यावर आई नव्हती. सुनिल्दा उभी होती, घोड्याचा लगाम धरून.

"आई कुठे आहे?"

"घरी. बॅग इकडे दे."

वाटेत म्हातारी बटाट्यांविषयी बोलत राहिली. घरात बाबा नेहमीच्या बाकावर बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, कुणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. तिला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं, ते तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. ते तिचं नाव होतं.

"कधी?" तिनं आईला विचारलं.

"नोव्हेंबरात. समुद्रशेवाळ आणायला किनाऱ्यावर गेले होते, खतासाठी. तिथेच पडले. सुनिल्दाच्या पुतण्याच्या होडीनं कास्त्रोला नेलं. मी नि ती नऊ दिवस होतो दवाखान्यात."

"आणि तू मला पाऊस लिहून पाठवलंस?"

"होताही पाऊस."

"आई!"

"तुला कळवलं असतं तर तू आली असतीस."

"आले असते, हो! आलेच असते!"

"म्हणून," ओतिलिया म्हणाली.

इस्मेनिया बाहेर गेली आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसून रडली. रागानं रडत होती की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. सुनिल्दा घोड्याचं खोगीर उतरवत होती. ती म्हणाली, "बापानंच सांगितलं होतं. होडीत. तेव्हा अजून थोडं बोलता येत होतं त्याला. म्हणाला, दोन तास बुडतील तिचे." खोगीर भिंतीला लावून ती आत गेली.

पुढच्या हंगामानंतरच्या डिसेंबरात इस्मेनियाचा प्रबंध तोंडी परीक्षेला आला. विद्यापीठाच्या त्या लांबट खोलीत तीन परीक्षक होते. मागच्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या, काळ्या शाली पांघरून, एकीच्या मांडीवर मिल्काओचं गाठोडं. बाबांना रोसालबा मावशीकडे ठेवून त्या दोन दिवसांचा प्रवास करून आल्या होत्या.

प्रश्नोत्तरं नीट चालली होती. मग सांतियागोहून आलेल्या परीक्षकानं तक्त्यावर बोट ठेवलं.

"पहिल्या हंगामाचा नववा आठवडा रिकामा आहे. आठव्या नि दहाव्याच्या आकड्यांवरून अंदाज काढून भरता आला असता. सगळे भरतात. तुम्ही का नाही भरला?"

इस्मेनियाला तयार केलेलं उत्तर होतं, पद्धतीविषयीचं, चांगलं. ते तिनं दिलं नाही.

"सर, त्या आठवड्यात माझे वडील दवाखान्यात होते. मोजणाऱ्या दोघी त्यांच्याजवळ होत्या. मला त्यांनी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी घरी गेले असते, माझे तास बुडले असते, आणि माझी जागा गेली असती. मग हे बाकीचे आठवडेही नसते. तो रिकामाच राहू दे, सर."

 परीक्षकानं चष्मा काढला आणि तक्ता पुन्हा एकदा बघितला. मग त्यानं पान उलटलं.

मागून सुनिल्दाचा आवाज आला, कुजबुजल्याचा तिचा समज होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "काय म्हणाला तो? पास केली का नाही पोरीला?"

"गप बस," ओतिलिया म्हणाली. "अजून मोजतायत."